नळ-हौदाचे उदाहरण

पस्तीस वर्षे आम्ही शाळेत गणित आणि संस्कृत हे दोन विषय शिकविले. त्या अवधीत नळ आणि हौद यांची उदाहरणे किती वेळा फळ्यावर लिहिली असतील याची गणती नाही. एक नळ हौद तीन तासांत भरतो, दुसरा चार तासांत भरतो, तळाची तोटी तो सहा तासांत रिकामा करते. तिन्ही एकदम उघडल्यास हौद किती वेळात भरेल? उत्तर दोन तास चोवीस मिनिटे. परंतु दरवर्षी वर्गात एखादा तरी चौकस मुलगा उभा राहून विचारी, "गुरुजी, हौद भरायचा आहे, तर तळाची तोटी उघडी ठेवणारा हा गृहस्थ कोण?" वर्गात हशा पिके, आणि आम्हीही हसून पुढील उदाहरणाकडे वळत असू. तो गृहस्थ कोण, याचे उत्तर आम्हांस सेवानिवृत्तीनंतर मिळाले. तो गृहस्थ आम्हीच होतो.

भास्कराचार्यांच्या लीलावतीतही या जातीचे एक उदाहरण आहे. चार निर्झर एक वापी भरतात. पहिला एका दिवसात, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा एक तृतीयांशात, चौथा एक षष्ठांशात. चारही एकदम सोडले तर ती दिवसाच्या बाराव्या भागात भरते. हा ग्रंथ इ. स. 1150 चा. आचार्यांच्या त्या वापीस गळती नाही. ती केवळ भरणेच जाणते. प्रपंचातील हौद मात्र असा भाग्यवान नसतो. त्याला एखादी तळची तोटी असतेच, आणि ती आपण उघडलेली नसल्यामुळे आपणांस ठाऊकही नसते. अशा एका तोटीची, आणि तिच्यापायी आमच्या हातून घडलेल्या एका अन्यायाची हकीकत सांगण्याचे आज योजिले आहे.

आमचे घर पुण्यातील एका जुन्या पेठेत आहे. वडिलार्जित वाडा मोडकळीस आल्यामुळे 1987 साली त्याच जागी दुमजली घर बांधले. थोरले बंधू, वहिनी, आमचे कुटुंब, दोन्ही घरची मुले, सुना व नातवंडे मिळून आम्ही अकरा माणसे एका चुलीवर जेवतो. सकाळी ठराविक वेळी पाणी येते, ते जमिनीखालच्या हौदात साठते, आणि पंपाने गच्चीवरील टाकीत चढविले जाते. टाकी एकदा भरली की ती दुसऱ्या दिवसापर्यंत पुरावयाची, असा अनेक वर्षांचा परिपाठ.

सन 2022 च्या दिवाळीनंतर हा परिपाठ बिघडला. पहाटे उठून पाहावे तो टाकीचा तळ दिसू लागे. सायंकाळी दुसऱ्यांदा पंप लावणे नित्याचे झाले. योगायोग असा की, आमच्या धाकट्या सूनबाई बाळंतपण आटोपून, तीन महिन्यांची मुलगी घेऊन, त्याच सुमारास माहेराहून परत आल्या होत्या. तान्हे मूल म्हटले की न्हाऊमाखू आले, दुपटी-लंगोट आले, वेळीअवेळी पाणी तापविणे आले. घरातील प्रत्येकाने मनाशी एकच हिशेब मांडला. प्रथम वहिनी सहज म्हणून गेल्या, "आमच्या वेळी एका घंगाळात दोन मुले न्हात असत." मग आमच्या कुटुंबाने मोरीतील नळ घट्ट बंद करण्याविषयी दोनदा सुनावले. आणि शेवटी आम्ही, घरातील शिकले-सवरलेले, जेवणाच्या पंगतीत पाण्याच्या काटकसरीवर एक लहानसे प्रवचनच झोडले. नाव कोणाचे घेतले नाही. परंतु रोख कोणाकडे होता हे न कळण्याइतके भोळे त्या पंगतीत कोणी नव्हते.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस काकतालीय न्याय ठाऊकच आहे. कावळा बसावयास आणि ताडाचे फळ पडावयास एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे ठरत नाही. आमचे इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपुरते. पुढे पाठशाळेत आम्ही व्याकरण आणि थोडा न्याय शिकलो. हा दृष्टांत आम्ही किती पिढ्यांना समजावून दिला! आणि प्रसंग आला तेव्हा आम्ही स्वतः कावळ्याकडेच बोट दाखविले.

पौष महिन्यात एके दिवशी तिथी पाहण्याकरिता भिंतीवरील दिनदर्शिका खाली काढली, तेव्हा तिच्या मागील कोऱ्या बाजूस पेन्सिलीने ओढलेल्या रेघा दिसल्या. चार उभ्या रेघा, त्यांवर एक आडवी, अशा पाच-पाचांच्या जुड्या, बाजूस तारखा. एकोणीस दिवसांच्या नोंदी होत्या. कोणत्या दिवशी आठ, कोणत्या दिवशी नऊ. नवाच्या वर एकदाही नाही. हे काय म्हणून आम्ही नातवास विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काकू बादल्या मोजते. स्वतःच्या आणि बाळाच्या."

आम्ही मुकाट्याने दिनदर्शिका पुन्हा खिळ्यास अडकविली. परीक्षेत एखाद्या प्रामाणिक मुलावर नक्कल केल्याचा आळ घ्यावा, आणि त्याने काही न बोलता कच्च्या आकडेमोडीचा कागद पुढे करावा, तसे आम्हांस झाले. आमच्या बादलीत पंधरा लिटर पाणी मावते. नऊ बादल्या म्हणजे एकशे पस्तीस लिटर. शहरातील पाणीपुरवठ्याची आखणी करिताना आपल्याकडे दरमाणशी दररोज 135 लिटर हेच प्रमाण धरितात. म्हणजे जे एका माणसाचे, तेवढ्यात ही मुलगी स्वतःचे आणि लेकराचे भागवीत होती. ज्या घरात सुनेला बादल्या मोजाव्या लागतात, त्या घरात पाण्याहूनही मोलाचे काहीतरी झिरपून जात असले पाहिजे, हे आमच्या ध्यानात आले. मोजमाप आम्ही करावयास हवे होते; ते तिने केले.

त्याच रात्री आम्ही कामास लागलो. रीत अगदी साधी आहे, ती सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून विस्ताराने सांगतो. रात्री दहा वाजता, सर्वांची निजानीज झाल्यावर, घरातील सर्व तोट्या बंद असल्याची खात्री करून घेतली. पंप बंद होताच, म्हणजे टाकीत नवे पाणी येण्याचा संभव नव्हता. टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी खडूने रेघ ओढली. रात्री कोणास पाणी लागलेच तर ते भरून ठेवलेल्या पिंपातून घ्यावे, फ्लश ओढू नये, अशी ताकीद दिली. पहाटे पाच वाजता पाहिले तो पाणी रेघेच्या साडेतीन सेंटीमीटर खाली गेले होते. टाकी आतून दोन मीटर लांब व एक मीटर रुंद. म्हणजे एक सेंटीमीटर उतार हा वीस लिटरांचा. सात तासांत सत्तर लिटर गेले. तासास दहा, दिवसास दोनशे चाळीस. एका माणसाचे 135, या हिशेबाने पावणेदोन माणसांचे पाणी. घरात अकरा माणसे नांदतात असे आम्ही समजत होतो. वस्तुतः आणखी एक अदृश्य कुटुंब आमच्या टाकीवर पोसले जात होते.

ज्यांच्या घरी टाकीपर्यंत चढून जाणे कठीण, परंतु मीटर आहे, त्यांनी सर्व तोट्या बंद करून मीटरचा आकडा लिहून घ्यावा व दोन तासांनी पुन्हा पाहावा. पुष्कळ मीटरांवर एक चिमुकली चक्री असते. घरात कोणी पाणी घेत नसताना ती फिरत असेल तर तिची साक्ष पुरेशी समजावी. मात्र मीटरपुढे हौद असेल तर तो भरून त्याचा प्रवेशनळ बंद झालेला असला पाहिजे. नाही तर हौद भरत असल्यामुळेच चक्री फिरेल आणि नसती धावपळ होईल. हौदाला तडा असल्याचा संशय असेल तर त्याचीही टाकीसारखीच खडूच्या रेघेने स्वतंत्र परीक्षा घ्यावी.

गळती आहे एवढे सिद्ध झाले. ती कोठे आहे हा पुढील प्रश्न. पहिला संशय आम्ही शौचकूपातील फ्लशच्या टाक्यांवर घेतला. त्यांतील रबरी झडप झिजली म्हणजे पाणी भांड्याच्या कडेने इतके हळू ओघळते की ते डोळ्यांस दिसत नाही व कानांस ऐकू येत नाही. कपड्यांना देण्याची नीळ थोड्या पाण्यात कालवून आम्ही दोन्ही टाक्यांत ओतली आणि अर्धा तास कोणास आत जाऊ दिले नाही. खालच्या भांड्यातील पाणी जसेच्या तसे राहिले. वरच्या मजल्यावरील भांडे मात्र श्रीकृष्णाच्या वर्णाचे झाले! झडप बदलून घेतली. खर्च अगदीच किरकोळ. आम्हांस वाटले, काम फत्ते झाले.

परंतु त्या रात्री पुन्हा रेघ ओढली तेव्हा सकाळी दोन सेंटीमीटर उतार भरला. म्हणजे चाळीस लिटर अद्यापि जातच होते. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चोर सापडला म्हणजे तो एकटाच होता असे समजू नये. दुरुस्तीनंतर मोजमाप पुन्हा घेतलेच पाहिजे.

आता आम्ही नैयायिकांच्या अन्वय-व्यतिरेकाचा आश्रय केला. कारण असेल तर कार्य असते हा अन्वय. कारण काढून घेतले की कार्यही नाहीसे होते हा व्यतिरेक. गच्चीवरून खाली येणाऱ्या पाण्याच्या दोन शाखा आहेत, एक वरच्या मजल्याची, एक तळमजल्याची. दोहोंस निरनिराळ्या चाव्या. एका रात्री वरची चावी बंद केली; उतार पूर्ववत् दोन सेंटीमीटर. दुसऱ्या रात्री तळमजल्याची बंद केली. पाणी रेघेवरून केसभरही हलले नाही. दोष तळमजल्याच्या नळात, हे दोन रात्रींत आणि एका दमडीचाही खर्च न करिता निश्चित झाले. पाठशाळेत शिकलेला न्याय आमच्या संसारात इतक्या रोकडेपणाने उपयोगी पडल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

तळमजल्याचे नळ भिंतीत गाडलेले. कोणती भिंत फोडावी? आम्ही दिवाणखाना, मोरी, स्वयंपाकघर अशी फेरी घालीत असता सूनबाई दाराशी उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मामंजी, कोठीची खोली पाहता का? आल्यापासून पाहते आहे, तिथल्या डब्यातले पापड सादळतात. थंडीच्या दिवसांत पापड सादळू नयेत. आणि तुमच्या पुस्तकांच्या कपाटामागची भिंत हाताला गार लागते. मी एकदा म्हटले होते."

त्यांनी म्हटले होते, हे खरे. दिवाळीनंतर आठ दिवसांनी त्यांनी हे वहिनींच्या कानी घातले होते, आणि "डब्याचे झाकण नीट लावीत जा" या उत्तरावर ते प्रकरण मिटले होते. आम्हीही ते ऐकले होते. इतकेच नव्हे, त्याच कपाटाच्या खालच्या फळीस महिन्यापूर्वी वाळवी लागली होती आणि आमच्या टिपणांच्या दोन वह्या तिने खाल्ल्या होत्या. आम्ही वाळवीस यथेच्छ शिव्या दिल्या, रॉकेल शिंपडले, आणि वह्या उचलून वर ठेविल्या.

आता आमच्या पांडित्याची कथा ऐका. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहिता रचिली. तीत दकार्गल नावाचा एक अध्याय आहे. त्याचा विषयच मुळी भूमिगत पाणी शोधून काढणे हा. मनुष्याच्या शरीरात जशा शिरा, तशा पृथ्वीच्या पोटातही पाण्याच्या शिरा वाहतात, असे तो सांगतो. आणि त्या कोठे आहेत हे ओळखण्याच्या खुणांमध्ये विशिष्ट वृक्षांजवळचे वारूळ ही खूण वारंवार येते. वाळवीला ओलाव्यावाचून जगता येत नाही हे आजचे प्राणिशास्त्रही सांगते. हा अध्याय आम्ही वाचलेला. एवढेच नव्हे, निवृत्तीनंतर दोन वेळा त्यावर व्याख्यानही दिलेले. आणि आमच्याच कपाटात वाळवीने येऊन वर्दी दिली की येथे पाणी आहे, तेव्हा आम्ही तिला रॉकेल पाजले! सूनबाईंनी दकार्गल वाचलेले नाही. त्यांनी पापड पाहिला, भिंतीस हात लावला, आणि निदान केले.

तथापि ओल दिसली की नळच फुटला असे मानणेही न्यायाला धरून नाही. धूर दिसता अग्नीचे अनुमान करावे, पण धुके हा धूर नव्हे. भिंतीची ओल चार-पाच जातींची असते. पावसाच्या सरीमागून वाढते आणि उघडीप होताच सुकते, ती बाहेरून मुरलेली. जमिनीपासून साधारण कमरेएवढ्या उंचीपर्यंत सरळ पट्ट्यासारखी चढते आणि जिच्यावर पांढरा लोणा फुलतो, ती बहुधा पायातून वर ओढली गेलेली. जुन्या घरांत ही फार. मोरी वापरली की वाढते आणि घर चार दिवस बंद राहिले की कमी होते, ती सांडपाण्याच्या नळाची. आणि जी ऋतू पाहत नाही, रात्र-दिवस पाहत नाही, गिलाव्यास पोपडे आणीत सारखी पसरत जाते, ती भरल्या नळाची. केवळ हवेतील बाष्प थंड भिंतीवर धरते आहे अशी शंका असेल, तर स्वयंपाकघरात मिळणारा ॲल्युमिनियमचा पातळ कागद वीतभर कापून, भिंतीचा तेवढा भाग पुसून कोरडा करून, चारही कडा चिकटपट्टीने बंद होतील असा तो तेथे लावावा व दोन दिवसांनी पाहावा. कागदाच्या बाहेरच्या अंगास दव असेल तर ते हवेचे. भिंतीकडील अंगास असेल तर पाणी भिंतीच्या पोटातून येते आहे. आमच्या कोठीत पाऊस जाऊन दोन महिने लोटले होते, तरी कागद आतल्या बाजूने भिजला.

दुसरी एक सावधगिरी. डाग जेथे दिसतो तेथेच छिद्र असते असे नाही. पाणी तुळईच्या किंवा स्लॅबच्या कडेने हातच्या हात वाहत जाऊन भलत्याच ठिकाणी प्रकट होते. म्हणून भिंत फोडण्यापूर्वी एका जुन्या, अनुभवी प्लंबरास बोलाविले. त्याने येण्याची वेळ सांगितली रात्री अकराची! रहदारी थांबल्यावर त्याने एक लोखंडी सळई घेतली, तिचे एक टोक नळाच्या उघड्या भागावर टेकविले, दुसरे टोक कानामागच्या हाडाशी धरिले, आणि वैद्य नाडी पाहतो तशा मुद्रेने तीन ठिकाणी ऐकिले. तिसऱ्या ठिकाणी, कपाटाच्या बरोबर मागे, त्याने आम्हांसही ऐकविले. तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा बारीक, अखंड सू-सू आवाज येत होता. इतके दिवस आम्ही त्या भिंतीस पाठ लावून वाचीत बसत होतो!

दुसऱ्या दिवशी तेवढीच हातभर जागा फोडली. जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ, 1987 सालचा. त्याच्या वळणावरील जोडास आतून गंज चढून मोहरीएवढे छिद्र पडले होते. एवढे पाणी बाहेर का आले नाही, याचाही उलगडा झाला. त्या खोलीखाली जुन्या वाड्याचे धान्याचे पेव होते. घर बांधिताना ते माती-विटांनी भरून टाकले होते. पाणी तेथे मुरत होते, आणि त्यातले थोडेसे भिंत शोषून घेत होती. आणखी दोन पावसाळे हे असेच चालते तर जोते खचले असते, असे प्लंबर म्हणाला.

नळ लपवून ठेवावा, पण त्याच्याकडे जाण्याची वाट लपवू नये. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, 1750 च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी शहरात आणिले ते भुयारी नळातूनच. परंतु तो नळ माणूस आत उतरून पाहणी व साफसफाई करू शकेल असा बांधिला होता. आम्ही मात्र फरशी आणि रंग यांच्या हौसेपायी नळांना जिवंत समाधी देतो आणि निश्चिंत होतो. आता आम्ही नवा नळ भिंतीच्या बाहेरून घेतला आहे. दिसावयास तो शोभिवंत नाही, पण त्याचे काय चालले आहे हे दिसते.

गळतीचा विचार केवळ पाण्याच्या नासाडीपुरता करून चालत नाही. जेथे पाणी ठराविक वेळीच येते, तेथे रस्त्यातून घरात येणारा नळ एरवी रिकामा असतो. त्यास भोक असेल तर दाब असता पाणी बाहेर जाते हे खरे, पण दाब उतरला की भोवतालचे पाणी आत शिरते; आणि शेजारून गटार जात असेल तर ते कसले पाणी, हे सांगावयास नको. लहान मुले असलेल्या घराने पाण्यास वास आल्यास किंवा ते सकाळी प्रथम गढूळ आल्यास ही शंका आधी घ्यावी, आणि नळ तपासून होईपर्यंत पाणी उकळूनच वापरावे.

नळ बदलल्यावर पुन्हा रेघ ओढली. सकाळी पाणी रेघेवरच होते. त्या दिवशी पंगतीत, जेथे आम्ही प्रवचन दिले होते तेथेच, सर्वांच्या देखत आम्ही सूनबाईंस म्हणालो, "मुली, तुझा हिशेब बरोबर होता, आमचा चुकला. एवढे मनात ठेवू नकोस." वहिनींनी पदराने डोळे पुसले. सूनबाई क्षणभर खाली पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "मामंजी, कोठी आता आठ दिवस उघडी राहू द्या. पापड पुन्हा उन्हात घालायचे आहेत, आणि तुमची पुस्तकेही." आम्ही दोघांनी मिळून ती गच्चीवर नेली. दिनदर्शिकेच्या पाठीमागच्या रेघा तेथेच थांबल्या. ते वर्ष संपले, पण तो कागद आम्ही टाकून दिला नाही. बृहत्संहितेत खूण म्हणून ठेविला आहे.

तेव्हापासून घरात एक नवा नेम आहे. दर संकष्टीस चंद्रोदयापर्यंत घर जागेच असते. जेवणे उरकली, भांडी आवरली, की कोणीतरी एक नातवंड खडू घेऊन गच्चीवर जाते आणि टाकीत रेघ ओढून येते. पहाटे ज्याला आधी जाग येईल त्याने ती पाहावयाची. वाचकांनीही हा नेम अवश्य करून पाहावा. आणि एखाद्या महिन्यात पाणी रेघेखाली गेलेले दिसलेच, तर घरातील माणसांकडे पाहण्यापूर्वी भिंतींकडे पाहावे, एवढीच या जुन्या मास्तराची विनंती.